कारच्या एसीत गॅस भरताय? आधी हे घरी तपासा

‘एसी थंड करत नाही, गॅस संपला असेल!’ उन्हाळा आला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. पण एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद पाइपांत गोल फिरत राहतो. रबरी होज आणि सीलमधून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो हे खरं, पण एकाच सीझनमध्ये कूलिंग गेलं आणि गॅस कमी निघाला, तर गळती आहे असं समजा. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. बग न शोधता सर्व्हर रीस्टार्ट करत राहणं आणि गळती न शोधता गॅस भरत राहणं, माझ्या मते दोन्ही सारखंच.

एसी चालतो कसा?

कॉम्प्रेसर गॅस दाबतो, त्यामुळे तो तापतो. रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरमध्ये ही उष्णता बाहेर जाते आणि गॅसचा द्रव होतो. एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून पुढे जाताच त्याचा दाब पडतो. मग डॅशबोर्डमागच्या इव्हॅपोरेटरमध्ये त्याची वाफ होते आणि ती केबिनमधली उष्णता शोषते. अनेक गाड्यांत आर-१३४ए गॅस असतो, तर काही नव्या मॉडेलमध्ये आर-१२३४वायएफ. एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

घरी काय तपासायचं?

१. केबिन फिल्टर: बहुतेक वेळा ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो. हवा थंड आहे पण जोर नाही? मग पहिला संशय यावरच.

२. कंडेन्सर: धूळ, किडे, पानं अडकली असतील तर पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारू नका, पातळ पात्या वाकतात.

३. फॅन: गाडी पळताना थंड आणि सिग्नलला गरम हवा येत असेल, तर कंडेन्सरचा फॅन फिरतोय का ते बघा. हात मात्र लांब ठेवा.

४. क्लच: अनेक गाड्यांत एसी लावल्यावर कॉम्प्रेसरचा ‘टक्’ आवाज येतो. आला नाही तर फ्यूज आणि रिले तपासा. गॅस फारच कमी असला तरी प्रेशर स्विच कॉम्प्रेसर सुरू होऊ देत नाही.

५. तेलकट डाग: गॅससोबत तेलही फिरतं. जोडावर तेलकट धूळ चिकटलेली दिसली, तर गळती तिथे असू शकते.

गेजवर किती भरवसा ठेवायचा?

ऑनलाइन गॅसचे कॅन आणि छोटे गेज मिळतात. पण इंजिन बंद आणि गार असताना, ३० अंश तापमानात आर-१३४एचा दाब सुमारे ९७ पीएसआय असतो. आत थोडा जरी द्रव उरला असेल, तरी आकडा तोच! घरचा सिलिंडर अर्धा असला तरी शेगडी तशीच पेटते ना? किती उरलाय ते वजनावरूनच कळतं. इंजिन चालू असताना दाब बाहेरचं तापमान, फॅन आणि आरपीएमप्रमाणे बदलतो. म्हणून गॅस ग्रॅममध्ये मोजूनच भरायचा. नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये मिळतो. जास्त भरला तर कूलिंग उलट कमी होतं आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

भरायची योग्य पद्धत

उरलेला गॅस मशीनने काढून घ्यायचा, गळती दुरुस्त करायची, मग साधारण अर्धा तास व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओलावा काढायचा. व्हॅक्यूम टिकतोय याची खात्री झाली की वजन करून गॅस भरायचा. ही साधनं नसतील तर हे काम गॅरेजवर सोपवा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत तर घरी हात घालूच नका. तिथे कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो आणि त्याचं तेलही वेगळं असतं.

गॅसचं काम करताना गॉगल आणि हातमोजे हवेतच, कारण बाहेर उडालेला द्रव त्वचा आणि डोळे गोठवू शकतो. कॅन हाय साइडला कधीही जोडू नका, तो फुटू शकतो. गॅस हवेत सोडून देऊ नका. १०० वर्षांच्या हिशोबाने आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट तापमानवाढ करतो. म्हणजे ४०० ग्रॅम सोडला, तर परिणाम सुमारे ५७० किलो कार्बन डायऑक्साइडइतका!

गॅरेजमध्ये तीनच प्रश्न विचारा: गळती कुठे होती? किती ग्रॅम काढला? किती ग्रॅम भरला? उत्तर नुसतं ‘टॉप-अप केलाय’ असं आलं, तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पैसे जाण्याची तयारी ठेवा.