परवानगीचा कागद: एथिकल हॅकिंगच्या इतिहासातून काय शिकायचं?

"ताई, पीएचडीचा अर्ज भरण्याआधी सीईएच करून ठेवू का?"

गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की शेवटी त्यावर पोस्टच लिहायला घेतली. सीईएच म्हणजे सर्टिफाइड एथिकल हॅकर. विचारणारे बहुतेक कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाचे, नाहीतर एमएस्सीचे. सर्टिफिकेट हातात आलं की सिक्युरिटीतल्या संशोधनाचं दार उघडेल, असं त्यांना वाटतं.

मी त्यांना उलट विचारते, "हॅकर आणि एथिकल हॅकर यांच्यात फरक काय?" उत्तर ठरलेलं असतं: हेतूचा. चांगल्या हेतूने केलं की एथिकल, वाईट हेतूने केलं की गुन्हा.

हे उत्तर अपुरं आहे. ते का अपुरं आहे, हे समजून घ्यायला या कामाचा इतिहास बघावा लागतो. आणि संशोधनाची तयारी करणाऱ्यांना त्यात दोन-तीन गोष्टी जास्तीच्याही मिळतील.

शब्द नवा, काम जुनं

इतिहास शोधताना पहिली चूक होते ती इथे. आपण शब्द शोधतो आणि शब्द जिथे सापडला तिथून गोष्ट सुरू झाली असं समजतो. 'एथिकल हॅकिंग' हा शब्द १९९० च्या दशकात रुळला. काम मात्र त्याच्या वीस-पंचवीस वर्षं आधीपासून चालू होतं, फक्त त्याला नाव वेगळं होतं.

१९६० च्या दशकात कॉम्प्युटर वापरायची पद्धत बदलली. आधी एका वेळी एकाचं काम मशीनवर चढायचं आणि ते संपलं की दुसऱ्याचं. मग टाइम-शेअरिंग आलं. एकाच मशीनवर अनेक जण, आपापल्या टर्मिनलवरून, एकाच वेळी. साहजिकच प्रश्न आला: शेजारच्या माणसाची फाइल मला दिसणार नाही, याची खात्री कोण देणार? अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी हा प्रश्न फारच गंभीर होता, कारण तिथे एकाच मशीनवर गुप्त आणि अतिगुप्त कागद ठेवायचे होते.

१९६७ मध्ये अटलांटिक सिटीतल्या कॉम्प्युटर परिषदेत रँड कॉर्पोरेशनच्या विलिस वेअर यांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. पुढे त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने १९७० मध्ये संरक्षण खात्याला अहवाल दिला. तो 'वेअर रिपोर्ट' म्हणून ओळखला जातो. तो आधी गोपनीय होता आणि १९७५ मध्ये खुला झाला. १९७२ मध्ये अमेरिकी हवाई दलासाठी जेम्स अँडरसन यांनी आणखी एक अहवाल लिहिला. या काळात सरकारी यंत्रणांनी एक नवीन पद्धत सुरू केली. आपल्याच सिस्टिमवर आपलीच माणसं सोडायची आणि त्यांना सांगायचं, "शिरता येतं का बघा." अशा पथकांना 'टायगर टीम' म्हणत.

१९७४: दोन अधिकारी आणि मल्टिक्स

यातलं सगळ्यात चांगलं नोंदवलेलं उदाहरण म्हणजे पॉल कार्गर आणि रॉजर शेल या हवाई दलाच्या दोन अधिकाऱ्यांनी केलेली मल्टिक्सची तपासणी. त्यांचा अहवाल जून १९७४ चा आहे.

मल्टिक्स ही काही कच्ची सिस्टिम नव्हती. एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मिळून तिचं काम सुरू केलं होतं, पुढे ती हनीवेलकडे गेली. सुरक्षेचा विचार आधीपासून करून बांधलेली, अशी तिची ख्याती होती. म्हणून तर हवाई दल ती घ्यायचा विचार करत होतं.

कार्गर आणि शेल यांनी ती साध्या वापरकर्त्याच्या बाजूने तपासली. त्यांना हार्डवेअरमध्ये त्रुटी सापडल्या, सॉफ्टवेअरमध्ये सापडल्या आणि सिस्टिम चालवायच्या रोजच्या कार्यपद्धतीतही सापडल्या. निष्कर्ष मात्र त्यांनी तोलून लिहिला. त्या काळातल्या इतर सिस्टिमपेक्षा मल्टिक्स बरीच चांगली आहे, पण ठरवून हल्ला करणाऱ्यापुढे ती टिकणार नाही. आणि सापडलेली भोकं एकेक करून बुजवली तरी काम भागणार नाही, रचनाच नव्याने करावी लागेल.

शेवटचं वाक्य दोनदा वाचा. तपासणीत भोक सापडलं तर सिस्टिम असुरक्षित आहे हे सिद्ध होतं. पण भोक सापडलं नाही, तर सुरक्षित आहे हे सिद्ध होत नाही. एवढंच म्हणता येतं की या माणसांना, एवढ्या वेळात, काही सापडलं नाही. आज कितीतरी कंपन्या 'पेन टेस्ट झाली, आता काळजी नाही' म्हणतात. त्यातला तर्काचा दोष पन्नास वर्षांपूर्वी दाखवून झालेला आहे.

आणि दुसरी गोष्ट. हे दोघं मल्टिक्समध्ये शिरले ते नेमणूक होऊन शिरले. काम कुणी सांगितलं, कशावर करायचं, सापडलेलं कुणाला कळवायचं, हे ठरलेलं होतं. शेवटी लेखी अहवाल निघाला. परवानगी, मर्यादा आणि अहवाल हे तिन्ही तेव्हापासूनच या कामाचे भाग आहेत.

हरवलेला संदर्भ

आता संशोधन करणाऱ्यांसाठी एक किस्सा. युनिक्स बनवणाऱ्यांपैकी एक, केन थॉम्पसन, यांनी ट्युरिंग पुरस्कार घेताना केलेलं भाषण १९८४ मध्ये छापून आलं. त्यात त्यांनी दाखवलं की कंपायलरमध्येच चोरदरवाजा लपवता येतो. मग तुमचा सोर्स कोड कितीही तपासा, त्यात काही दिसणार नाही. कुंपणानेच शेत खायचा प्रकार. सिक्युरिटीच्या जवळजवळ प्रत्येक अभ्यासक्रमात हे भाषण असतं.

पण थॉम्पसन यांनी प्रामाणिकपणे असंही सांगितलं होतं की ही कल्पना त्यांनी आधी हवाई दलाच्या कुठल्याशा कागदात, मल्टिक्सवरच्या टीकेत वाचली होती. संदर्भसूचीत त्यांनी तो 'अज्ञात' दस्तऐवज म्हणून नोंदवला. तो कागद म्हणजे कार्गर आणि शेल यांचा १९७४ चा अहवाल. पुढे २००२ मध्ये त्या दोघांनी 'तीस वर्षांनंतर' असा आढावा घेणारा लेख लिहिला, त्यात हा धागा त्यांनी जोडून दिला.

धडा साधा आहे. संदर्भ सापडत नसेल तर तो गाळू नका, सापडत नाही असं लिहा. थॉम्पसन यांनी ती ओळ लिहिली नसती तर श्रेय कायमचं चुकीच्या खात्यावर गेलं असतं.

एकच काम, दोन शेवट

१९८० च्या दशकात हॅकिंग सरकारी खोल्यांतून बाहेर पडलं. १९८३ मध्ये मिलवॉकीतली काही तरुण मुलं पकडली गेली. लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेसह कितीतरी ठिकाणी ती फोनच्या लाइनवरून शिरली होती. अमेरिकेत कायदे झाले, १९८६ चा कॉम्प्युटर फ्रॉड अँड अब्यूज अ‍ॅक्ट त्यातलाच. नोव्हेंबर १९८८ मध्ये रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या वर्मने इंटरनेटचा मोठा भाग ठप्प केला. नासधूस करायचा आपला इरादा नव्हता, असं त्याचं म्हणणं होतं. तरीही त्याच कायद्याखाली तो दोषी ठरला. शिक्षा झाली ती तीन वर्षांचं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि दंड. तो तेव्हा कॉर्नेलमध्ये पीएचडी करत होता, हे मुद्दाम सांगते.

आता १९९३ ते १९९५ हा काळ बघा. डॅन फार्मर आणि विट्से वेनेमा यांनी डिसेंबर १९९३ मध्ये एक लेख नेटवर टाकला. आपल्या सिस्टिमची सुरक्षा वाढवायची तर आधी स्वतःच तिच्यात घुसून बघा, हा त्याचा विषय. एप्रिल १९९५ मध्ये त्यांनी त्यासाठी 'सेटन' नावाचं टूल फुकट वाटलं. चोराच्या हातात किल्ल्या दिल्या, अशी तेव्हा ओरड झाली. आज असे स्कॅनर ही नेहमीची गोष्ट आहे.

त्याच १९९५ मध्ये ओरेगॉनमध्ये रँडल श्वार्ट्झ दोषी ठरला. पर्ल भाषेवरच्या गाजलेल्या पुस्तकाचा हा लेखक, इंटेलमध्ये कंत्राटावर काम करत होता. ज्या विभागातलं त्याचं काम आधीच संपलं होतं, तिथल्या पासवर्ड फाइलवर त्याने पासवर्ड फोडणारा प्रोग्रॅम चालवला. कच्चे पासवर्ड दाखवून द्यायचे होते, असं त्याचं म्हणणं. २००७ मध्ये ती नोंद त्याच्या रेकॉर्डवरून काढण्यात आली, पण मधली बारा वर्षं गेलीच.

कार्गर, शेल, फार्मर, वेनेमा आणि श्वार्ट्झ यांची तंत्रं एकमेकांच्या जवळची, आणि आपला हेतू चांगला आहे असं प्रत्येकाचंच म्हणणं. फरक पडला तो मशीन कुणाचं आणि 'हो' कुणी म्हटलं, यामुळे.

सर्टिफिकेट कुठून आलं?

आयबीएमने १९९० च्या दशकात ही सेवा ग्राहकांना द्यायला सुरुवात केली. तिथल्या चार्ल्स पामर यांनी २००१ मध्ये लिहिलेला 'एथिकल हॅकिंग' हा लेख जरूर वाचा. भाषा सोपी आहे. त्यात ते तीन प्रश्न ठेवतात: घुसणाऱ्याला काय दिसेल, त्याचा तो काय उपयोग करेल, आणि तो आलाय हे कुणाच्या लक्षात येईल का? कामाआधी होणाऱ्या लेखी कराराबद्दलही त्यांनी लिहिलंय. तुरुंगापासून वाचवणारा कागद तोच.

ईसी-कौन्सिल ही संस्था २००१ मध्ये निघाली आणि सीईएच परीक्षा २००३ मध्ये आली. परीक्षेला १२५ बहुपर्यायी प्रश्न आणि चार तास. प्रॅक्टिकल वेगळी, सहा तासांची. अधिकृत ट्रेनिंग घ्या, नाहीतर दोन वर्षांचा अनुभव दाखवून अर्ज करा. म्हणजे जे काम पूर्वी मूठभर लोक नेमणुकीवर करत, ते आता कुणालाही फी भरून शिकता येतं. हे चांगलंच आहे. पण जुन्या लोकांकडे परवानगी आधी असायची आणि कसब मागून यायचं. आता कसब आधी येतं. परवानगी शोधायची जबाबदारी शिकणाऱ्यावर पडते, आणि क्लासमध्ये तो धडा बऱ्याचदा पहिल्या दिवशीच्या दोन स्लाइडमध्ये संपतो.

आपल्याकडचा कायदा

आपला माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा. मूळ कायद्यात कलम ६६ च्या शीर्षकातच 'हॅकिंग' शब्द होता. २००८ च्या दुरुस्तीने (अंमल ऑक्टोबर २००९ पासून) तो गेला. आता कलम ४३ मध्ये कृत्यांची यादी आहे आणि सुरुवातीलाच अट आहे: मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीशिवाय. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या इराद्याने केलं तर कलम ६६ लागतं, ज्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

रचना नीट बघा. हेतूचा प्रश्न कलम ६६ मध्ये येतो. कलम ४३ परवानगीवरच उभं आहे. तुमचा हेतू गंगेसारखा निर्मळ असला तरी नुकसानभरपाईचा दावा लागू शकतो.

हे पुस्तकी नाही. माझ्या ओळखीच्या एका ज्युनियरने त्याच्या संस्थेच्या पोर्टलवर स्कॅनर चालवला. त्रुटी खरीच होती. आनंदाच्या भरात स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. आठवड्याभरात चौकशी समिती, पालकांना बोलावणं, लेखी माफी. पोलिसांत प्रकरण गेलं नाही एवढंच नशीब. "मी तर मदत करत होतो," तो परत परत म्हणायचा. खरंच करत होता. पण त्याला कुणी सांगितलं होतं, या प्रश्नावर त्याच्याकडे दाखवायला एक ईमेलसुद्धा नव्हता.

मग करू का सीईएच?

नोकरीसाठी हवं असेल तर जरूर करा. शब्दसंपदा मिळेल, टूल्सची ओळख होईल. पीएचडीसाठी मात्र त्याच्यावर विसंबू नका. संशोधनात 'घुसता आलं' हा निष्कर्ष पुरत नाही. असं भोक का पडतं, कोणत्या प्रकारच्या रचनेत पडतं, ते मुळातून टाळता येईल का, हे सांगावं लागतं. कार्गर आणि शेल यांचा अहवाल आजही वाचला जातो तो याच कारणाने.

दरम्यान सराव करायचा तर स्वतःच्या मशीनवर करा. मेटास्प्लॉइटेबल, डीव्हीडब्ल्यूए, ज्यूस शॉप या मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या सिस्टिम त्यासाठीच आहेत. दुसऱ्याच्या सिस्टिमला हात लावायचा असेल तर आधी लेखी परवानगी घ्या: कोणती मशीन, कोणत्या तारखेपासून कधीपर्यंत, काय करायचं नाही, आणि सापडलं तर कुणाला कळवायचं. तोंडी 'हो' चालत नाही, गाइडचंसुद्धा नाही. चुकून काही दिसलंच तर ग्रुपवर टाकू नका. थांबा, आणि संबंधित संस्थेला किंवा सर्ट-इनला कळवा.

त्या ज्युनियरने नंतर एम.टेकला प्रवेश घेतला. परवा त्याने मला त्याच्या प्रोजेक्टचा प्रस्ताव वाचायला पाठवला. पहिल्याच पानावर विभागप्रमुखांच्या सहीचं परवानगीपत्र जोडलेलं होतं.