कालावधीचे लेखन आणि परीक्षकाची दृष्टी : पोस्टग्रेसक्यूएलमधील एक प्रकरण

पोस्टग्रेसक्यूएल या मुक्तस्रोत डेटाबेस प्रणालीचा उगम १९८६ साली बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधनात झाला. तिच्या प्रोग्रॅममध्ये सुचविलेले बदल स्वीकारण्यापूर्वी अन्य जाणकार तपासतात. कालावधीच्या लेखनरीतीत २००८ मध्ये सुचविलेला बदल २००९ च्या ८.४ या आवृत्तीत समाविष्ट झाला. त्याचे ऐतिहासिक महत्त्व तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

तत्पूर्वी कालावधीचे रूप तारखेच्या मांडणीवर अवलंबून असे. आता चार रीतींची स्वतंत्र निवड उपलब्ध झाली : प्रचलित दोन, एसक्यूएल प्रमाणकाची एक आणि आयएसओ ८६०१ ची एक. वरवर पाहता हा केवळ मांडणीचा प्रश्न वाटतो. परंतु '-१ २:०३:०४' ही नोंद पाहावी. प्रचलित रीतीनुसार उणे चिन्ह केवळ दिवसाला लागते, तास-मिनिटे-सेकंद अधिकच राहतात. एसक्यूएल प्रमाणकानुसार मात्र ते सर्व घटकांना लागते. त्यामुळे एकाच नोंदीच्या दोन वाचनांत ४ तास ६ मिनिटे ८ सेकंदांचे अंतर पडते. म्हणूनच प्रचलित रीत मूळ निवड म्हणून कायम राहिली. संमिश्र चिन्हांच्या कालावधीत चिन्हे स्पष्ट लिहिण्याची तरतूद झाली. डेटाबेसची प्रत काढणारा प्रोग्रॅमही प्रचलित रीतच वापरतो.

अक्षरे तीच राहून वाचनाचा नियम बदलल्यास साधनाचा अर्थ बदलतो, हे इतिहासाच्या अभ्यासकास नवे नाही. नव्या सोयीबरोबरच जुन्या नोंदींचा अर्थ अबाधित राखणे, हेच अशा परीक्षणाचे खरे प्रयोजन होय.