छोट्या महासंगणकांचा उदयास्त



राजघराण्यांचे उदयास्त आपण इतिहासांत पुष्कळ वाचतों. आज मी आपणांस यंत्रांच्या एका घराण्याचा वृत्तान्त सांगणार आहें. हें घराणें अमेरिकेंत १९८० नंतर उदयास आलें, दहा-बारा वर्षें मानानें नांदलें आणि १९९५ च्या सुमारास नामशेष झालें. त्यास 'मिनिसुपरकॉम्प्युटर' असें नांव होतें; आपण 'लघु महासंगणक' म्हणूं. जें महा तें लघु कसें, असें कोणी विचारील. परंतु आपल्याच रस्त्यांवरून धांवणाऱ्या एका मालगाडीस लोक बिनदिक्कत 'छोटा हत्ती' म्हणतात, तसाच हा प्रकार समजावा.

थोडें मागें जाऊं. १९७६ सालीं सेमूर क्रे यांचा 'क्रे-१' हा संगणक न्यू मेक्सिकोंतील लॉस अ‍ॅलामॉसच्या प्रयोगशाळेंत दाखल झाला. त्याच वर्षीं मी लॉगॅरिथमचीं कोष्टकें चाळीत मॅट्रिकची परीक्षा दिली, म्हणून तें साल माझ्या चांगलें ध्यानांत आहे. या यंत्राचें वजन सुमारें साडेपांच टन. आंतील तारा आंखूड राहाव्या म्हणून त्याचा आकार अर्धवट मिटलेल्या वर्तुळासारखा केलेला होता, आणि तें तापूं नये म्हणून त्यांतून फ्रिऑन खेळविलेला असे. दशांशचिन्हाच्या संख्यांचीं सेकंदाला १६ कोटी गणितें ही त्याची परमावधि. कोलोरॅडोंतील बोल्डर येथील वातावरण-संशोधन केंद्रानें १९७७ मध्यें असा एक संगणक घेतला, त्यास सुमारें ८८ लक्ष डॉलर मोजावे लागले. एवढी रक्कम सरकारी प्रयोगशाळा व मोठ्या तेलकंपन्या यांजवांचून कोण देणार?

दुसऱ्या टोंकास १९७७ चा 'व्हॅक्स ११/७८०' होता. एकाद्या महाविद्यालयाच्या शाखेसही तो परवडे. पण क्रेचा ठोका सेकंदास ८ कोटी वेळां पडे, तर व्हॅक्सचा ५० लक्ष वेळां. या दोहोंच्या मध्यें कांहींच नव्हतें. रेणूची रचना शोधणारा रसायनशास्त्रज्ञ किंवा पुलाचे ताण काढणारा इंजिनियर यांनीं एक तर आपल्या व्हॅक्सवर दिवसचे दिवस कंठावे, नाहीं तर दूरच्या केंद्रांतील क्रेपुढें रांग लावून घटकाभर वेळ मिळवावा. ही मधली पोकळी ज्यांना दिसली त्यांनीं हें घराणें स्थापिलें.

त्यांतील अग्रणी म्हणजे 'कॉन्व्हेक्स' ही कंपनी. १९८२ मध्यें बॉब पालुक व स्टीव्ह वॉलॅक यांनीं टेक्ससमधील डॅलस शहराजवळ रिचर्ड्सन येथें ती काढली. वॉलॅक यांचें नांव वाचकांना त्यापूर्वींच ठाऊक झालें होतें. ट्रेसी किडर यांच्या 'द सोल ऑफ ए न्यू मशीन' या १९८१ च्या पुस्तकांत ते एक पात्र म्हणून वावरतात. १९८५ मध्यें कॉन्व्हेक्सचा 'सी-१' ग्राहकांकडे जाऊं लागला.

या यंत्राची युक्ति समजावून घेण्यासारखी आहे. कवायतीचा मास्तर प्रत्येक मुलाच्या कानांत 'उजवीकडे वळ' असें सांगत फिरत नाहीं. तो संबंध रांगेला एकच हुकूम देतो. साधा संगणक दर दोन संख्यांच्या बेरजेसाठीं निराळा हुकूम घेई. क्रेचें यंत्र संख्यांच्या एका रांगेंत दुसरी रांग मिळविण्यास एकच हुकूम घेई. ही युक्ति क्रेच्या यंत्रांत होती. कॉन्व्हेक्सनें ती उचलली. पण क्रेच्या महागड्या व तापट चिपांऐवजीं 'सीमॉस' जातीच्या मंद परंतु स्वस्त व थंड चिपा वापरल्या आणि मंदपणाची थोडीबहुत भरपाई म्हणून रांगच दुप्पट लांब केली. क्रेची रांग ६४ संख्यांची, कॉन्व्हेक्सची १२८ ची. यंत्र साध्या हवेनें थंड राही. त्याची परमावधि सेकंदास २ कोटी गणितांची, म्हणजे क्रेच्या आठव्या हिश्श्याएवढी. किंमत पांच लक्ष डॉलरांच्या आसपास, म्हणजे बोल्डरच्या क्रेच्या सोळाव्या हिश्श्याहूनही कमी!

आणखी एक गोष्ट केली, ती मला अधिक मोलाची वाटते. शास्त्रज्ञांच्या कपाटांत फोर्ट्रान भाषेंतील जुन्या गणितकृति वर्षानुवर्षें धूळ खात पडलेल्या असत. त्यांचे कर्तेही कित्येकदां निघून गेलेले असत. त्या नव्यानें कोणी लिहाव्या? कॉन्व्हेक्सनें आपला कंपायलर, म्हणजे मानवी लिखाणाचें यंत्राच्या हुकुमांत रूपांतर करणारा दुभाषी, असा तयार केला कीं कोठें रांगेचा हुकूम चालेल हें तो स्वतःच हुडकून काढी. लोकांना यंत्राइतकाच हा दुभाषी हवा होता.

मॅसॅच्युसेट्समधील 'अलायंट' कंपनीची रीत निराळी होती. तिच्या १९८५ च्या 'एफएक्स/८' मध्यें आठ गणकघटक एकत्र जोडलेले असत, आणि एकाच हिशेबाचे तुकडे ते आपसांत वांटून घेत. कनेक्टिकटमधील 'मल्टिफ्लो'नें तर जोश फिशर यांच्या कल्पनेनुसार एका लांबलचक हुकुमांतच २८ पर्यंत निरनिराळीं कामें गुंफलीं. आतां क्रेसमोर तिष्ठण्याचें कारण उरलें नाहीं. यंत्र हळू असलें तरी आपल्याच इमारतींत. सायंकाळीं गणित लावावें, सकाळीं उत्तर घ्यावें. थट्टेनें त्यांस 'क्रेएट', म्हणजे क्रेचीं पिल्लें, असेंही म्हणत.

मग हें सर्व बुडालें कां? कारागिरी वाईट होती म्हणून नव्हे. या मंडळींची दृष्टि सदैव वर, क्रेकडे लागलेली होती, आणि संकट आलें तें खालून. १९८९ मध्यें लिव्हरमोर प्रयोगशाळेंतील यूजीन ब्रूक्स यांनीं 'खुनी मायक्रोंचा हल्ला' अशा अर्थाच्या मथळ्याचें भाषण केलें. टेबलावरील संगणकांत बसणारे एका चिपेचे मायक्रोप्रोसेसर मोठ्यांचा घास घेणार, हें त्याचें तात्पर्य. पुढल्याच वर्षीं, फेब्रुवारी १९९० मध्यें, आयबीएमनें 'आरएस/६०००' हें टेबलाजवळचें यंत्र बाजारांत आणलें, आणि दशांशी गणितांत तें लघु महासंगणकांच्या पंक्तीस येऊन बसलें.

याचें मूळ साध्या त्रैराशिकांत आहे. समजा, एका प्रोसेसरची आंखणी करण्यास पांच कोटी डॉलर लागतात. लघु महासंगणक विकले जाणार फार तर पांचशें. म्हणजे दर यंत्रावर एक लक्ष डॉलरांचा बोजा. तीच चिप पन्नास लक्ष नग खपली तर बोजा दहा डॉलरांचा. मग दर दीड-दोन वर्षांनीं नवी आंखणी करणें कोणास झेपेल, हें निराळें सांगावयास नको. त्यांतच शीतयुद्ध संपलें व संरक्षणखात्याचा हात आंखडला.

फिशर यांच्यासारखाच विचार करणाऱ्या बॉब राऊ यांची 'सायड्रोम' कंपनी १९८८ मध्येंच मिटली होती. मल्टिफ्लो मार्च १९९० मध्यें बंद पडली. मला अलायंटची कहाणी सर्वांत करुण वाटते. तिनें शत्रु ओळखला होता. १९९० मध्यें आपले घटक टाकून इंटेलच्या तयार 'आय८६०' चिपांवर तिनें नवें यंत्र उभारलें. परंतु जी चिप बाजारांत कोणासही मिळते, ती विकत घेऊन मोठेपण टिकवावें कसें? १९९२ मध्यें तिचें दिवाळें निघालें. कॉन्व्हेक्स गॅलियम आर्सेनाइडच्या महाग चिपांमागें गेली, मग ह्यूलेट-पॅकर्डच्या तयार चिपांकडे वळली, आणि १९९५ मध्यें ह्यूलेट-पॅकर्डनेंच तिला विकत घेतलें. ज्यांच्याकडे पाहून हे चढले, ते तरी कोठें सुटले? सेमूर क्रे यांनीं मागाहून काढलेल्या कंपनीचें दिवाळें त्याच १९९५ सालीं वाजलें, आणि त्यांची मूळ कंपनी १९९६ मध्यें 'सिलिकॉन ग्राफिक्स'नें घेतली.

हा खालून येणारा मार्ग आपल्या पुण्यासही परिचित आहे. अमेरिकेकडून क्रे मिळण्यास किती वाटाघाटी लागतात, याचा अनुभव घेतल्यावर सरकारनें १९८८ मध्यें पुण्यास 'सी-डॅक' संस्था स्थापिली, डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं तेथें १९९१ मध्यें 'परम ८०००' तयार झाला. त्यांत स्वतः घडविलेला प्रोसेसर नव्हता. ब्रिटनच्या 'इनमॉस' कंपनीच्या तयार ट्रान्सप्यूटर चिपा शेजारीं शेजारीं जोडून तो उभा केलेला होता. अमेरिकेंत ज्या वाटेनें संकट आलें, तीच आपल्याकडे प्रवेशाची वाट ठरली!

घराणें गेलें तरी माणसें राहिलीं. फिशर व राऊ हे दोघे ह्यूलेट-पॅकर्डमध्यें गेले आणि त्यांच्या विचारांतून पुढें इंटेलचा 'इटानियम' निघाला, जो २००१ मध्यें बाजारांत येऊनही फारसा रुजला नाहीं. क्रे आणि कॉन्व्हेक्स यांचा रांगेचा हुकूम मात्र रुजला. १९९७ पासून इंटेलच्या घरगुती चिपांत तो लहान प्रमाणावर शिरला, आणि आज ज्या टेलिफोनवर आपल्यापैकीं कित्येकजण हें भाषण ऐकत असतील, त्याच्या चिपेंतही तो आहे.