मामा वरेरकर आणि माझ्या काजळाच्या मिशा

नववीच्या स्नेहसंमेलनात आपण मामा वरेरकरांच्या ‘हाच मुलाचा बाप’ नाटकातला एक प्रवेश बसवला होता, आठवतंय? हुंडा मागणाऱ्या बापाचं काम करायला मुलं तयार होईनात, म्हणून मराठीच्या बाईंनी काजळाच्या मिशा काढून मलाच उभं केलं. तुम्ही पोट धरून हसलात, मी टाळ्या घेतल्या. नाटककाराबद्दल मात्र दोन मार्कांच्या टिपेपलीकडे काही वाचलं नव्हतं. ते या स्मरणिकेच्या निमित्तानं वाचलं.

भार्गवराम विठ्ठल वरेरकर १८८३ साली चिपळूणला जन्मले. टपाल खात्यात नोकरी करता करता ते नाटकं लिहू लागले. संगीत नाटकांच्या त्या भरात त्यांनी घरातले आणि गावातले चालू प्रश्न रंगमंचावर आणले. ‘हाच मुलाचा बाप’मध्ये हुंडा, ‘सत्तेचे गुलाम’मध्ये (१९२२) गांधीयुगातलं राजकारण, ‘तुरुंगाच्या दारात’मध्ये अस्पृश्यता. ही नाटकं ‘ललितकलादर्श’ने गाजवली. ‘धावता धोटा’ या कादंबरीत ते गिरणी कामगारांच्या वस्तीत शिरले. शरच्चंद्रांच्या बंगाली कादंबऱ्या मराठीत आणल्या. १९५५ साली ‘भूमिकन्या सीता’ लिहून रामकथेतल्या स्त्रियांच्या बाजूनं प्रश्न विचारले. १९५६ मध्ये ते राज्यसभेचे नियुक्त सदस्य झाले, १९५९ मध्ये पद्मभूषण मिळालं आणि १९६४ साली ते गेले.

वाचताना एका तारखेशी मी थांबले. हुंडाबंदीच्या विधेयकावर लोकसभा आणि राज्यसभेचं एकमत होईना, म्हणून मे १९६१ मध्ये दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक भरली. स्वतंत्र भारतातली ती पहिलीच संयुक्त बैठक. तेव्हा मामा राज्यसभेत होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात लिहिलेल्या नाटकातला प्रश्न कायद्यात यायला चार दशकांहून जास्त काळ लागला, आणि तो लेखकाच्या हयातीत आला.

कायदा आला, हुंडा गेला नाही. माझ्या लग्नात कुणी हुंडा मागितला नाही. “आमचं काहीच मागणं नाही, तुम्ही तुमच्या हौसेनं करा,” एवढंच म्हणाले. बाबांनी त्या हौसेसाठी पीएफमधून पैसे काढले. मी इंजिनीअर होते, कमावत होते. संमेलनात त्या बापाचं सोंग वठवलेली मी, खरा प्रसंग आला तेव्हा गप्प बसले. बाबा आज नाहीत. हे त्यांच्याशी कधी बोलताही आलं नाही.

आता आपली मुलं, भाचे-पुतणे लग्नाचे होताहेत. पुढच्या महिन्यात माझ्या भाच्याच्या लग्नाच्या याद्या आहेत. त्या दिवशी मुलाकडच्यांच्या रांगेत मी बसणार आहे, या वेळी मिशा न लावता. “तुमच्या हौसेनं करा” हे वाक्य कुणाच्या तोंडी आलंच, तर अर्धा खर्च आमचा, हे मी तिथंच सांगणार आहे. बाई, तुम्ही दिलेलं काम मला इतक्या उशिरा कळलं.