1956 ची हिट गाणी कोणाची?



वर्षातील सर्वात गाजलेली गाणी कोणती, हा प्रश्न वरवर करमणुकीचा वाटतो. आमच्या मते तो इतिहासाचा प्रश्न आहे आणि म्हणूनच जातीचाही आहे. एखादे गाणे 'गाजले' हे मोजले कोणी? कोणाच्या घरात बसून मोजले? ज्याच्या घरात रेडिओच नव्हता, त्याच्या ओठांवरचे गाणे कोणत्या यादीत गेले? शिरूर आणि दौंड तालुक्यांत काम करताना तरुण कार्यकर्ते आम्हाला नेहमी विचारतात, "आपली जुनी हिट गाणी कोणती?" त्याचे उत्तर शोधायला एकच वर्ष घेऊ. 1956.

त्या काळी हिट गाण्यांची यादी म्हणजे बिनाका गीतमाला. रेडिओ सिलोनवर 1952 च्या अखेरीस ती सुरू झाली. दर बुधवारी रात्री अमीन सयानींचा आवाज. रेकॉर्डच्या दुकानांतील विक्री आणि श्रोत्यांची पत्रे यांवरून क्रम ठरायचा. 1956 च्या वार्षिक यादीत पहिले आले ते 'सी.आय.डी.' चित्रपटातील मुंबई शहरावरचे गाणे. संगीत ओ. पी. नय्यर, शब्द मजरूह सुलतानपुरी, आवाज मोहम्मद रफी आणि गीता दत्त यांचा. गाणे उत्तमच आहे, त्याबद्दल आमचा काही वाद नाही. पण विक्री मोजायची तर रेकॉर्ड विकत घेणारा हवा, पत्र मोजायचे तर लिहिता येणारा हवा. रेडिओ ठेवायला तर सरकारी लायसन लागायचे. गावकुसाबाहेरच्या माणसाकडे यातले काय होते? म्हणजे ती यादी लोकांच्या आवडीची होती, हे खरे. फक्त 'लोक' या शब्दात कोण कोण बसत होते, तेवढे पाहायचे.

आता पुणे जिल्ह्यात येऊ. पुणे आकाशवाणी केंद्र 2 ऑक्टोबर 1953 ला सुरू झाले. या केंद्राचा सर्वात मोठा हिट कोणता, याला दुसरे उत्तरच नाही: गीतरामायण. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत, एकूण 56 गीते. 1 एप्रिल 1955 च्या रामनवमीला सुरुवात आणि 19 एप्रिल 1956 च्या रामनवमीला शेवट. गाणे लागायच्या वेळी लोक रेडिओला हार घालायचे, या आठवणी मराठी मध्यमवर्ग आजही कौतुकाने सांगतो.

या तारखांशेजारी आपल्या तारखा ठेवून पाहा. 25 डिसेंबर 1954 ला याच पुणे जिल्ह्यात, देहूरोडला, बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. गीतरामायणाचे शेवटचे गीत वाजून सहा महिनेही झाले नव्हते, तेव्हा 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. 22 प्रतिज्ञांमध्ये राम-कृष्णांना देव न मानण्याची प्रतिज्ञाही होती. पुढे 6 डिसेंबर. एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षात, एका समाजाच्या रेडिओला हार पडत होता आणि दुसरा समाज घरातले देव्हारे रिकामे करायला निघाला होता. त्या वर्षीच्या पहिल्या समाजाच्या गाण्यांची तारीखवार नोंद आहे. दुसऱ्या समाजाने त्या वर्षी काय गायले, याची यादी कोणी केली?

कोणी म्हणेल, आकाशवाणी सर्वांची होती. तिच्या दाराशी काय चालले होते ते पाहा. नभोवाणी मंत्री बा. वि. केसकरांना चित्रपटगीते हलकी वाटत, त्यांना अभिजात संगीत हवे होते. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ गायब झाली आणि सिलोनचे फावले. त्याआधीपासूनच, 1940 ते 1971, आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. पेटीतून मींड निघत नाही, ती परदेशी आहे, अशी कारणे दिली जायची. ही बंदी जलसेवाल्यांना अडवायला घातली नव्हती, हेही सांगितले पाहिजे. उगाच कट शोधायची आम्हाला सवय नाही. पण पेटी, ढोलकी आणि खडा आवाज एवढ्याच भांडवलावर ज्यांचे गाणे उभे होते, त्यांच्या हातातले अर्धे भांडवल दारातच नाकारले गेले. समाजशास्त्रात ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात, ते असे काम करते. 'तुम्ही नको' असे कोणी म्हणत नाही, 'तुमचे वाद्य शास्त्रशुद्ध नाही' म्हणतात.

मग आपले गाणे फिरत कसे होते? माणसांच्या पायांनी आणि रेल्वेने. सत्यशोधक जलशांची वाट पुढे आंबेडकरी जलशांनी धरली. नाशिककडच्या भीमराव कर्डकांच्या जलशाबद्दल खुद्द बाबासाहेब म्हणाल्याचे आपण ऐकत आलो की त्यांच्या दहा सभा म्हणजे कर्डकांचा एक जलसा. दौंडच्या तरुणांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तुमच्या जंक्शनवरून सुटणाऱ्या एका फाट्याचे दुसरे टोक मनमाड आहे. त्याच मनमाडला फेब्रुवारी 1938 मध्ये रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. रेल्वे कामगारांची वस्ती हे आपल्या चळवळीचे जाळे होते. आणि शिरूर? 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची पलटण कोरेगावकडे निघाली ती शिरूरच्या छावणीतून. मानवंदनेला पेरण्याला जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असते?

वामनदादा कर्डकांचे उदाहरण तर आपल्या विषयाच्या गाभ्यालाच हात घालते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस मुंबईत मजुरी करता करता लिहा-वाचायला शिकला. 1943 मध्ये त्यांनी पहिले गाणे रचले, तेही हिंदी सिनेगीताच्या चालीवर. इथे नाके मुरडणारे लगेच म्हणतात, "भीमगीते म्हणजे सिनेमाच्या उसन्या चाली." ठीक आहे. पण 1956 ला बिनाकात पहिले आलेले 'सी.आय.डी.' चे ते गाणे कोणत्या चालीवर आहे? 'ओ माय डार्लिंग क्लेमेंटाइन' या अमेरिकन लोकगीताच्या. नय्यर साहेबांनी घेतली तर ती प्रेरणा आणि आमच्या शाहिराने घेतली तर ती चोरी, हा न्याय आम्हाला मान्य नाही. उलट आम्ही म्हणतो, ज्या चाली रेडिओने घराघरात पोहोचवल्या होत्या त्यांवर आपले शब्द चढवणे हे डोकेबाज काम होते. चाल शिकवावी लागत नव्हती, विचार तेवढा पोहोचवायचा होता. गीतमालेच्या यादीत त्या चालीचा पहिला जन्म मोजला गेला, वस्तीतला दुसरा जन्म नाही.

लिहिते हात कमी होते, त्याची किंमत आपण मोजतो आहोत. भीमराव कर्डकांनी पुढे स्वतः जलशांवर पुस्तक लिहिले म्हणून त्यांचे काम आज कळते. वामनदादांचा पहिला संग्रह 'वाटचाल' निघायला 1970 चे दशक उजाडले. मधल्या काळात किती गाणी तोंडोतोंडी फिरली आणि किती कर्त्यांची नावे गळाली! मग कॅसेट आली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज घराघरांत पोहोचले, ही मोठी गोष्ट झाली. पण कॅसेटच्या कव्हरवर गायकाचा फोटो मोठा आणि गीतकाराचे नाव बारीक, कधी तेही नाही. आज डीजेवर 14 एप्रिलला वाजणाऱ्या गाण्याचा गीतकार कोण, असे मिरवणुकीतल्या दहा पोरांना विचारून पाहा.

आताची यादी व्ह्यूजची. 2016 ला 'झिंगाट' ने महाराष्ट्र नाचवला. नागराज मंजुळेंच्या 'सैराट' चा शेवट ज्यांना सोसला नसता, त्यांच्याही लग्नांत ते वाजले. गाणे मोजले गेले, आर्ची-परशाचा खून कोणी मोजला नाही.

मग आपली नोंद कुठे सापडते? एक ठिकाण आम्हाला माहीत आहे. पुण्यात राहून गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी वर्षानुवर्षे खेडोपाडी फिरून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. 1996 ला बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरमध्ये बायांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या त्यात आहेत. आपल्या शिरूर तालुक्यातल्या सविंदण्याच्या ओव्याही आहेत. प्रत्येक ओवीपुढे गाणारीचे नाव, गाव आणि तालुका लिहिलेला आहे. रेडिओ नसलेल्या, पत्र लिहू न शकणाऱ्या बाईचे नाव. दौंड-शिरूरच्या वस्त्यांत 1956 पाहिलेली माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत, आणि प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डिंग करणारा मोबाईल आहे.