साखरखेर्ड्याची लढाई व बाजीराव-निजाम भेटी

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत सिंदखेड राजा तालुक्यांत साखरखेर्डा म्हणून गांव आहे. इ. स. १७२४ च्या ऑक्टोबरांत या गांवाजवळ निजाम-उल्-मुल्क व हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान यांची लढाई होऊन मुबारिजखान पडला. जेत्यानें गांवाचें नांव पालटून फत्तेखेर्डा ठेविलें, व दप्तरांत तें पुष्कळ काळ चाललें. लोकांच्या तोंडीं मात्र साखर राहिली, फत्ते गेली.

ही लढाई आसफजाही राज्याचा पाया म्हणून सांगतात, व तें खरेंच आहे. दिल्लीच्या दरबारानें दक्षिणेची सुभेदारी देऊन मुबारिजखानास निजामावर सोडलें होतें. तो पडल्यावर १७२५ त बादशहास निजामाचाच अधिकार मान्य करावा लागला. परंतु या लढाईच्या निमित्तानें दुसरा एक प्रश्न उभा राहतो, व आम्हांस तो अधिक मोलाचा वाटतो. ज्या निजामाशीं जन्मभर वैर चाललें त्याच्याशीं बाजीराव पुनःपुन्हां समोरासमोर बसून कां बोलत राहिला?

पहिली भेट ४ जानेवारी १७२१ रोजीं चिखलठाण येथें झाली. पेशवाईचीं वस्त्रें मिळून बाजीरावास तेव्हां पुरतें वर्षहि झालें नव्हतें. तो अवघा विशींतला, निजाम पन्नाशीस टेकलेला. दुसरी भेट १७२३ च्या फेब्रुवारींत झाबुव्याकडे, व तिसरी १८ मे १७२४ रोजीं धारेनजीक नालछा येथें. नालछ्यानंतर पांच महिन्यांच्या आंत साखरखेर्ड्याचा प्रसंग आला. दोन्ही पक्षांस मराठ्यांची मदत हवी होती. शाहूचा कल अलिप्त राहण्याकडे होता. बाजीरावाची फौज रणांत प्रत्यक्ष किती झुंजली याविषयीं अभ्यासकांत एकमत नाहीं. तथापि लढाईनंतर निजामानें त्यास सात हजारी मनसब, हत्ती व जवाहीर देऊन गौरविलें, असें सांगण्यांत येतें.

आतां हें ध्यानांत घ्यावें कीं, या तिन्ही भेटींत मूळ वाद तसूभरहि हलला नाहीं. १७१९ च्या सनदांनीं दक्षिणेच्या सहा सुभ्यांवरील चौथ व सरदेशमुखी मराठ्यांकडे आली. निजामास ती मनापासून कधींच रुचली नाहीं. साखरखेर्ड्याचें यश पदरांत पडून तीन वर्षें होतात न होतात तों त्यानें शाहू कीं कोल्हापूरचा संभाजी, खरा धनी कोण, असा पेंच काढून ऐवज अडकवून ठेविला. निवाड्याची भाषा बोलून त्यानें बोलण्याचेंच शस्त्र केलें! यावरून आमचे कित्येक स्नेही म्हणतात कीं भेटी व्यर्थ गेल्या; कोणी तर त्यांस बाजीरावाच्या कोंवळ्या वयाची भूल म्हणतात.

आम्हांस तसें वाटत नाहीं. २५ फेब्रुवारी १७२८ रोजीं पालखेडास निजामाची फौज अन्नपाण्यावांचून कोंडली गेली, आणि ६ मार्च रोजीं मुंगी-शेवगांवचा तह झाला. मध्यें दहा दिवस. दोन मोठ्या सत्तांचें युद्ध इतक्या थोडक्या दिवसांत मिटतें तें केवळ तलवारीनें नव्हे. कोणाशीं बोलावें, कोणाच्या शब्दास कोठवर किंमत आहे, हें उभय छावण्यांस आधींच ठाऊक होतें. शाहूचा सुमंत आनंदराव निजामाच्या चांगल्या परिचयाचा होता. शिवाय समोरचा कसा विचार करितो हें बाजीरावानें जवळून पाहिलें होतें. तें ज्ञान युद्धांतहि उपयोगी पडलें असेल, हें आम्ही लपवीत नाहीं. भेट म्हणजे मैत्री नव्हे. पुढें २७ डिसेंबर १७३२ रोजीं रोहे-रामेश्वरास दोघे पुनः भेटले, आणि पांच वर्षांनीं भोपाळास पुनः लढले.

कौटिल्यानें दूतांचे निसृष्टार्थ, परिमितार्थ व शासनहर असे तीन प्रकार सांगून दूत अवध्य मानिला आहे. उद्योगपर्वांतील श्रीकृष्णाची शिष्टाई फसली, म्हणून ती करावयास नको होती असें कोणी म्हटल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं. वैऱ्याशीं बोलणाऱ्यास स्वजन फितूर समजतात ही गोष्ट मात्र जुनीच. ज्यू व पॅलेस्टिनी यांच्या कलहांत ज्यांचीं पोरें मारलीं गेलीं अशा दोन्ही बाजूंच्या आईबापांनीं एकत्र बसण्याचा क्रम चालविला आहे. त्यांसहि घरच्यांचे बोल ऐकावे लागतात.

आमच्या जिल्ह्यांत हा इतिहास पुढेंहि चालला. डिसेंबर १७५७ त सिंदखेडास, जिजाबाईंच्या माहेरीं, निजामाच्या चाकरींतील रामचंद्र जाधव पेशव्यांच्या फौजेनें वेढला, व निजामअल्ली त्याच्या मदतीस धांवला. शेवटीं पंचवीस लाखांचा मुलूख व नळदुर्ग देऊन तह झाला. आणि खालीं खेड्यापाड्यांत काय होतें? वऱ्हाडांत १८०३ पर्यंत दोअमली: निजामाचा अंमलदार व नागपूरकर भोसल्यांचा अंमलदार एकाच रयतेपाशीं वसूल मागत. रयतेस यांत सुख होतें असें कोणी समजूं नये. दोन धन्यांचा भार एकाच नांगरावर होता. तरी त्या दोघांचा हिशेब एका ओसरीवर बसून जुळवावा लागे, व तो जुळविणारे देशमुख-देशपांडे दोन्ही दरबारांची भाषा जाणत.

म्हणूनच संग्राहकांस आमची एक तक्रार आहे. जुनें दप्तर हातीं लागलें कीं मोडी रुमाल एकीकडे ठेवावयाचे आणि फार्सी कागद वाचतां येत नाहींत म्हणून दुसऱ्यास देऊन टाकावयाचे, अशी चाल पडली आहे. आम्हीं एका घरीं असा फुटलेला रुमाल पाहिला: मोडींतील उत्तर हातीं होतें, तें ज्या फार्सी पत्राचें होतें तें भलतीकडेच गेलेलें. मेहकर, लोणार, सिंदखेड या बाजूस ज्यांस अशीं दप्तरें मिळतील त्यांनीं तीं आहेत त्या क्रमानें, त्याच दोऱ्यांत ठेवावींत. फार्सी न वाचणाऱ्यांनीं निदान पाठीवरील शेरा उतरून घ्यावा.