परत येईल का? एका प्रश्नाचा शंभर वर्षांचा प्रवास



आउट्रमच्या सिंगापूर जनरल हॉस्पिटलमध्ये आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी नंबर येण्याची वाट पाहिली असेल. या भागाचं जुनं नाव सिपॉय लाइन्स, म्हणजे हिंदी शिपायांची छावणी. १८८२ साली रुग्णालय इथे आलं आणि १९९९ मध्ये याच परिसरात नॅशनल कॅन्सर सेंटर सुरू झालं. ऑपरेशननंतर घरच्यांच्या मनात एकच प्रश्न असतो: "गाठ काढली, पण परत येईल का?" आज या प्रश्नाचाच इतिहास ऐकू या.

जठर, आतडी आणि स्वादुपिंड यांत हॉर्मोन तयार करणाऱ्या पेशी विखुरलेल्या असतात. त्यांच्यापासून होणाऱ्या गाठी म्हणजे न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर. मार्च २०१८ मध्ये अभिनेते इरफान खान यांनी आपला आजार जाहीर केला, तेव्हा आपल्या कित्येक घरांत हे नाव पहिल्यांदा पोहोचलं.

पण गोष्ट सुरू होते १९०७ मध्ये, जर्मनीतल्या म्युनिकला. झिगफ्रीड ओबर्नडॉर्फर या पॅथॉलॉजिस्टने लहान आतड्यातल्या काही छोट्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. दिसायला कर्करोगासारख्या, पण वाढ अगदी संथ. त्याने त्यांना नाव दिलं 'कार्सिनॉइड', म्हणजे कर्करोगासारखं काहीतरी. या गाठी निरुपद्रवी आहेत, असं त्याचं मत होतं.

हे भाकीत पुढे चुकीचं ठरलं, आणि ते दुरुस्त केलं त्यानेच. १९२९ मध्ये त्याने लिहिलं की या गाठी घातकही होऊ शकतात, दूरवर पसरू शकतात. बावीस वर्षांनी स्वतःचं म्हणणं बदलायला मोठं मन लागतं. ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये त्याला जर्मनी सोडावी लागली. पुढची वर्षं त्याने इस्तंबूलमध्ये शिकवलं आणि १९४४ मध्ये तिथेच तो वारला.

आपल्याकडे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. तिथली पॅथॉलॉजी प्रयोगशाळा उभी केली डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. भारतीय पॅथॉलॉजीचे जनक म्हणून त्यांचं नाव आजही आदराने घेतात. गाठ सर्जन काढतो. पण तिचा स्वभाव कसा आहे, हे काचपट्टीवर वाचणारा माणूस सांगतो.

तो स्वभाव आकड्यात मांडायची सोय १९८३ मध्ये झाली. जर्मनीतल्या कील शहरात संशोधकांना एक प्रतिपिंड सापडलं. विभाजनाच्या तयारीत असलेल्या पेशी त्याने रंगून वेगळ्या दिसतात. कील शहरावरून त्याला नाव पडलं केआय-६७. शंभरातल्या किती पेशी रंगल्या ते मोजायचं. ३ टक्क्यांपेक्षा कमी असल्या तर पहिली श्रेणी, ३ ते २० टक्के दुसरी आणि २० च्या वर तिसरी.

पण एका आकड्याने भागत नाही. गाठ केवढी होती, लिम्फ ग्रंथींत पोहोचली होती का, रक्तवाहिन्यांत शिरली होती का, कापलेल्या कडा स्वच्छ होत्या का, हे सगळं एकत्र धरावं लागतं. आता अशा गोष्टींना गुण देऊन बेरीज मांडणारे तक्ते आहेत. त्यांना नोमोग्राम म्हणतात. एका देशातल्या रुग्णांवर बनवलेला तक्ता दुसऱ्या देशातल्या रुग्णांवर पुन्हा तपासून घ्यावा लागतो. आणि त्यातून मिळते ती शक्यता. ती शंभर जणांच्या गटाबद्दल बोलते. त्या शंभरांत आपली आई कोणत्या बाजूला असेल, हे ती सांगू शकत नाही.

या गाठी कधी कधी दहा वर्षांनीही परततात. म्हणून पाच वर्षं सरली की फाईल माळ्यावर टाकू नका. आई-बाबा पुण्यात, आपण सिंगापुरात, असं असेल तर पॅथॉलॉजी रिपोर्टची प्रत दोन्ही घरी ठेवा. त्यातली श्रेणी, केआय-६७ आणि लिम्फ ग्रंथींची नोंद डॉक्टरांकडून समजून घ्या, आणि पुढची तपासणी कधी, तेही विचारा.

"परत येईल का?" याचं पक्कं उत्तर आजही कुणाकडे नाही. पण १९०७ मध्ये नुसत्या नजरेवर असलेला अंदाज आज मोजमापावर आला आहे. ओबर्नडॉर्फरप्रमाणे तो वेळोवेळी तपासत राहणं आपल्या हातात आहे.

काळजी घ्या. पुन्हा भेटू!